टाकीत किती रस्ता मावतो?

पेट्रोल संपलेली मोटरसायकल रस्त्याच्या कडेला आडवी करणारा माणूस तुम्ही कधी ना कधी पाहिला असेलच. टाकीचं झाकण घट्ट बसलंय ना, हे तो आधी चाचपतो. मग हँडल धरून गाडी डावीकडे पार जमिनीला टेकेल इतकी कलती करतो, क्षणभर तशीच धरतो, उभी करतो आणि किक मारतो. दोन-चार किका फुकट जातात आणि पुढच्या किकला गाडी चक्क सुरू होते! तेवढ्यावर पठ्ठ्या पुढचा पंपही गाठतो. कॉक आधीच रिझर्व्हवर होता, रिझर्व्हही संपलं होतं. मग हे पेट्रोल आलं कुठून?

ते टाकीतच होतं. वरून बघितलं तर टाकी म्हणजे एकसंध गुळगुळीत पोट. पण ती काढून उलटी केलीत तर पोटाखाली मधोमध एक खोल घळ दिसेल. गाडीच्या सांगाड्याचा मुख्य पाइप त्या घळीतून जातो. म्हणजे टाकी पाइपवर नुसती ठेवलेली नसते, खांद्यावर टाकलेल्या पडशीसारखी ती त्याच्या दोन्ही अंगांना लोंबत असते. पेट्रोल भरपूर असतं तोवर दोन्ही खण एकच. पातळी घळीच्या माथ्याखाली उतरली की मात्र दोन वेगळी तळी तयार होतात. कॉक बहुधा डाव्या खणाला असतो, त्यामुळे तो डावं तळं उपसून मोकळा होतो आणि उजवीकडचं पेट्रोल माथ्यापलीकडे अडकून बसतं. काही गाड्यांत दोन्ही खण खालून नळीने जोडलेले असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. बाकीच्यांत गाडी डावीकडे पाडली की उजवं पेट्रोल माथा ओलांडून डावीकडे येतं. काटा शून्यावर, इंजिन बंद, आणि तरीही टाकीत काही किलोमीटर रस्ता शिल्लक!

रिझर्व्हची गोष्ट याहून देखणी आहे. रिझर्व्ह म्हणजे टाकीतली वेगळी छोटी टाकी, असं कित्येकांना वाटतं. पेट्रोल उतरवून जुन्या गाडीचा कॉक खोलून बघा. टाकीत जाणाऱ्या टोकावर एक बारीक नळी ताठ उभी असते आणि तिच्या पायथ्याशी दुसरं भोक असतं. कॉक ‘ऑन’ला असताना पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून आत शिरतं. पातळी तोंडाच्या खाली गेली की पुरवठा बंद. गाडी आचके देते, तुम्ही गाडी चालवता चालवता डावा हात खाली घालून कॉक फिरवता आणि आता पेट्रोल पायथ्याच्या भोकातून यायला लागतं. ना वायर, ना सेन्सर, ना दिवा. द्रवाला आपणहून वर चढता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर अख्ख्या देशाने कित्येक दशकं आपलं पेट्रोल मोजलं.

नव्या इंजेक्शनच्या गाड्यांतून हा कॉक गेला. तिथे टाकीच्या आतच एक विजेचा पंप बुडवलेला असतो आणि त्याला गार ठेवायचं काम पेट्रोलच करतं. त्यामुळे या गाड्या रोज शेवटच्या थेंबापर्यंत पळवणं म्हणजे त्या पंपाला कोरडं तापवणं. जुन्या गाडीची सवय नव्या गाडीला लावू नये.

पण ही झाली तळाशी साचलेली चिल्लर. खरा खजिना दुसरीकडे आहे.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. आकडा नुसता ऐकून काहीच वाटत नाही. म्हणून असं करू. शंभर सीसीची गाडी धरा ११० किलोंची आणि तुम्ही ७० किलोंचे. मिळून १८० किलो. एक लिटरमधली सगळीच्या सगळी ऊर्जा हे वजन सरळ वर उचलायला वापरली, तर किती उंच जाल? सुमारे १८ किलोमीटर! एव्हरेस्टच्या दुप्पट उंची. कळसूबाई एकावर एक अकरा वेळा रचलं तर साधारण तिथे पोचाल. आणि हे सगळं पाण्याच्या एका बाटलीएवढ्या पेट्रोलमध्ये, ज्याचं वजन जेमतेम पाऊण किलो.

पाऊण किलोमध्ये एवढं बळ कसं मावतं? कारण निम्म्याहून जास्त सामान पेट्रोल बरोबर घेतच नाही. जळायला प्राणवायू लागतो आणि तो गाडी वाटेतल्या हवेतून उचलते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा किलोंहून थोडी जास्त हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे अकरा किलो हवा. आकारमानात सांगायचं तर सुमारे नऊ हजार लिटर, पाण्याच्या टँकरभर! ही हवा टाकीत वाहून न्यावी लागली असती तर मोटरसायकल नावाची वस्तूच जन्माला आली नसती. विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचं दुखणं नेमकं हेच आहे. तिला आपलं सगळं सामान घरून बांधून न्यावं लागतं. आणि थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकताना दिसतं ना? ते आदल्या रात्रीचं दंव नव्हे. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू मिळून ते आत्ता, तुमच्यासमोर तयार झालेलं पाणी आहे. एक लिटर पेट्रोल जळून साधारण एक लिटर पाणी होतं, फक्त एरवी ते वाफ होऊन निघून जातं.

आता याच्या उलट टोकाकडून हिशेब करू. सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या वेगाने गाडी चालत ठेवायला किती जोर लावावा लागतो? हवा मागे रेटते सुमारे सात किलो वजनाइतक्या जोराने. टायर आणि रस्ता मिळून आणखी तीन किलो. बस्स! दहा किलोंचं पोतं उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढा जोर सतत मागून लावत राहिलं तर माणसासकट मोटरसायकल पन्नासच्या वेगाने धावत राहील. या हिशेबाने एका लिटरमधल्या ऊर्जेत ३२० किलोमीटर जायला हवं. पुण्याहून निघून कोल्हापूर गाठायचं, पाऊण लिटरही न संपवता परतीला लागायचं!

तसं होत नाही, कारण इंजिन हे मुळात उष्णतेचं यंत्र आहे. पेट्रोल पेटलं की वायू फुगतो, पिस्टनला ढकलतो, पण ढकलून झाल्यावरही तो रणरणता गरम असतो आणि तसाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. उरलेली उष्णता सिलिंडरच्या पात्यांवरून वारा घेऊन जातो. इंजिन चांगल्या तब्येतीत असेल तर चारातला एक हिस्सा चाकापर्यंत पोचतो, तीन हिस्से रस्ता तापवतात. ३२० चा चौथा हिस्सा किती? ८०.

हा आकडा ओळखीचा वाटतो? १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा जाहिरातीत लिटरला ८० किलोमीटरचं वचन होतं. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिचा थाट. रोजच्या रस्त्यावर तेवढं कुणाला मिळालं नसेल ते सोडा, पण तो आकडा हवेतून काढलेला नव्हता, निसर्गाच्या हिशेबाच्या अगदी कडेवर उभा होता. त्या काळात रस्त्यावर राज्य होतं टू-स्ट्रोकचं: आकुर्डीची चेतक, राजदूत, येझदी, आणि घरोघरची लुना. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला धूर बाहेर जायची आणि ताजं मिश्रण आत यायची, अशी दोन्ही दारं काही क्षण एकदमच उघडी असतात. त्या गडबडीत ताज्या मिश्रणाचा चांगला पाव हिस्सा न पेटताच बाहेर सटकतो. पेट्रोल विकत घ्यायचं, कार्बोरेटरमधून बारीक फवारायचं आणि तसंच्या तसं रस्त्यावर सोडायचं! चेतकमागून जाताना नाकाला झोंबणारा तो वास जळलेल्या पेट्रोलचा कमी आणि न जळलेल्याचा जास्त असायचा. फोर-स्ट्रोकने आत यायचं दार आणि बाहेर जायचं दार जवळपास पूर्णपणे वेगळ्या वेळी उघडलं, आणि त्याच लिटरमधून भलताच लांब रस्ता निघू लागला. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जागा झाला.

हल्ली पंपावर एक नवी गोष्ट टाकीत शिरते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. त्यातलं काही उसापासून होतं, म्हणजे तुमच्या टाकीत कोल्हापूर-सांगलीकडचा ऊसही असू शकतो. इथेनॉलच्या रेणूत आधीच थोडा प्राणवायू असतो. तो अर्धवट जळूनच आलेला आहे म्हणा ना! म्हणून लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच भरते आणि २० टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरलं, तर लगेच मेकॅनिकला दोष देऊ नका.

मग आपल्या हातात काय उरतं? पुष्कळ. पण त्यासाठी त्या दहा किलोंच्या जोराकडे बारकाईने बघायला हवं.

त्यातले सात किलो हवेचे. हवेचा स्वभाव असा की वेग दुप्पट केला तर तिचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. पन्नासला सात किलो, तर पंचाहत्तरला जवळपास सोळा. टायरचे तीन किलो मात्र तेवढेच राहतात. म्हणजे वेग दीडपट झाला आणि लागणारा जोर जवळजवळ दुप्पट. पुणे-सातारा रस्त्यावर पंचाहत्तरने जाणारा गडी पन्नासने जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचतो खरा, पण टाकी तितक्याच झपाट्याने खाली आणतो. ॲव्हरेज वाढवण्याच्या बाजारात जितक्या पुड्या, गोळ्या आणि लोहचुंबक विकले जातात, त्या सगळ्यांना मिळून जे साधणार नाही ते उजवं मनगट पाव इंच सैल सोडल्याने साधतं.

वाऱ्याला नेमकं कोण अडवतं? मोटरसायकल नव्हे, तुम्ही! ताठ बसलेला माणूस, फडफडणारा शर्ट, बाहेर काढलेली कोपरं. सकाळच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन्या अडकवून निघालेला गवळी बघा. वजन वाढलं म्हणून त्याला चढावर जास्त पेट्रोल लागतं, पण सपाटीवर त्याचं पेट्रोल खातो तो कॅन्यांवर आपटणारा वारा.

वाऱ्याची ही सत्ता रोली फ्री नावाच्या अमेरिकन माणसाइतकी क्वचितच कुणी ओळखली असेल. १९४८ चा सप्टेंबर, युटा राज्यातलं बॉनव्हिलचं विस्तीर्ण मिठाचं मैदान, खाली व्हिन्सेंट मोटरसायकल. ताशी १५० मैलांचा टप्पा थोडक्यात हुकत होता आणि अंगावरचे चामडी कपडे वाऱ्याने फाटले होते. फ्रीने काय करावं? त्याने कपडेच उतरवले. पोहण्याची चड्डी, टोपी आणि बूट, एवढ्यानिशी तो सीटवर पालथा पडला, पाय मागे सरळ लांबवले आणि गाडी सोडली. वेग लागला १५० मैलांच्या थोडा वर, म्हणजे ताशी सुमारे २४२ किलोमीटर! इंजिन तेच, पेट्रोल तेच. फक्त वाऱ्याला पकडायला काही उरलं नाही. त्याचा तो फोटो मोटरसायकलच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध फोटो मानला जातो आणि तो बघून हसू आवरत नाही.

फ्रीने वेगासाठी केलं ते क्रेग व्हेटरने पेट्रोलसाठी केलं. मोटरसायकलच्या पुढे लावायचं वाराकापं कवच बनवून नाव कमावलेला हा अमेरिकन डिझायनर १९८० च्या दशकात स्पर्धाच भरवू लागला: कमीत कमी पेट्रोलमध्ये कोण जास्त जातो? लोकांनी साध्या गाड्यांना माशासारखी निमुळती शेपूट लावली, स्वार आत झोपवला. १९८५ साली जिंकलेल्या गाडीने एका गॅलनमध्ये ४७० मैल काढले. आपल्या भाषेत लिटरला जवळपास २०० किलोमीटर. आणि या सगळ्यात नवं इंधन कुठलंच नव्हतं, होता तो फक्त आकार.

शहरात मात्र वारा दुय्यम. तिथला चोर ब्रेक आहे. ताशी ५० ने चाललेल्या १८० किलोंमध्ये जी गती साठलेली असते, ती पेट्रोल जाळूनच मिळवलेली असते. ब्रेक दाबला की ती लायनरमध्ये उष्णता होऊन संपते. किती संपते? त्याच ऊर्जेत गाडी पन्नासच्या वेगाने आणखी पावणेदोनशे मीटर गेली असती. म्हणजे प्रत्येक करकचून दाबलेला ब्रेक हा पावणेदोनशे मीटर रस्त्याचा चुराडा आहे! पाच किलोमीटरच्या वाटेवर दहा सिग्नल लागले आणि दर वेळी तुम्ही लाल दिव्यापर्यंत मूठ पिळत जाऊन तिथे थांबलात, तर पावणेदोन किलोमीटरचं पेट्रोल ब्रेकला वाहिलंत. लांबून लाल दिसताच मूठ सोडून देणारे काका मागून शिव्या खातात, पण त्यांचं गणित पक्कं असतं.

घाटाच्या उतारावर कित्येकजण गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग तर चावीच बंद करतात. पेट्रोल वाचवायचा हेतू. पण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत गंमत वेगळीच आहे. गिअर टाकलेला ठेवून मूठ पूर्ण सोडली की गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं, चाकच इंजिनाला फिरवतंय, आता पेट्रोल कशाला? आणि तो फवारा पार बंद करतो. शून्य! उलट न्यूट्रलला इंजिन जिवंत ठेवण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं. वरंध्याच्या वळणावर इंजिनाचा लगाम सोडून नुसत्या ब्रेकवर उतरणं आधीच जिवाशी खेळ, त्यात बचतही होत नाही.

टायरच्या तीन किलोंचं फार लांबवत नाही. हवा कमी झालेला टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतो आणि फुगतो, त्या मळण्यात रबर तापतं. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबलात की दोन्ही टायरना हात लावून बघा, जास्त गरम लागतो तो तुमचं पेट्रोल खातोय. मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे सहज घेत नसेल तर ब्रेक घासतोय किंवा चेन कोरडी आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि फुकटचं.

राहिलं इंजिन. पन्नासच्या वेगाला जेमतेम दोन अश्वशक्ती लागतात. शंभर सीसीची गाडी देऊ शकते आठ. साडेतीनशे सीसीची वीस. मग मोठं इंजिन त्याच दोन अश्वशक्तीसाठी जास्त पेट्रोल का पितं? मूठ थोडीच पिळलेली असताना हवेची वाट जवळपास मिटलेली असते. पिस्टन खाली जाताना त्या बारीक फटीतून हवा ओढायला धडपडतो आणि ती धडपड पेट्रोलवरच चालते. इंजिन जितकं मोठं आणि काम जितकं हलकं, तितकी ही धडपड जास्त. पेट्रोल इंजिनाला कामाचा भार हवा असतो, भार कमी पडला की ते उधळपट्टी करतं.

हे ओळखून जपानमध्ये होंडाने एक वेडी स्पर्धा १९८१ पासून चालवली आहे. इंजिन होंडाचं, बहुधा पन्नास सीसीवालं, सुपर कबच्या कुळातलं. बाकी गाडी स्वतः बनवायची. विद्यार्थी आणि हौशी लोक तीन चाकांची, थेंबाच्या आकाराची हलकी गाडी घेऊन येतात. इंजिन थोडा वेळ जोरात, म्हणजे त्याला मानवेल अशा भाराने चालवायचं, वेग आला की पूर्ण बंद करायचं आणि गाडी आपल्याआप घरंगळू द्यायची. वेग मंदावला की पुन्हा सुरू. अर्धवट मिटलेल्या वाटेतून श्वास घेण्याची वेळच इंजिनावर येत नाही. आधी सांगितलेलं सगळं इथे एकत्र आलेलं दिसतं: वाऱ्याला पकडायला जागा नाही, ब्रेक जवळपास नाही, टायर दगडासारखे टणक, वजन शक्य तितकं कमी.

या स्पर्धेतला विक्रम आहे एका लिटरमध्ये ३,६०० किलोमीटरहून जास्त. मुंबईहून दिल्लीला जायचं, परत यायचं, आणि तरी त्या लिटरमध्ये काही शे किलोमीटर शिल्लक. आपल्याकडच्या अकरा लिटरच्या टाकीने याच हिशेबाने पृथ्वीला जवळपास एक पूर्ण फेरी मारता येईल. अर्थात ती फेरी सायकलच्या वेगाने, उताणं झोपून मारावी लागेल, आणि मागे बसायला जागा नसेल, भाजीची पिशवी अडकवायला हूकही नसेल.